धुराची खतावणी

सांवेर रोडच्या कारखान्यात
एकतीस वर्षं मी शेवेचा हिशेब ठेवला.
बेसन, तेल, ओवा, लवंग,
सियागंजातून आलेली मिरच्यांची पोती,
डब्याच्या तळाशी उरलेला चुरासुद्धा
माझ्या वहीतून सुटला नाही.
चिमणीतून जे वर गेलं
त्याचं खातं मात्र कधी उघडलंच नव्हतं.

रॉटरडॅमच्या घाऊक व्यापाऱ्याचं पत्र आलं:
शेव आवडली. धूर किती, तो कळवा.
गंगवाल शेठ हसले,
'धूर काय किलोवर विकतो आपण?'
मग हसायचे थांबले. मागणी दोन कंटेनरची होती.
'मुळ्येबाई, बघा जरा.'

बघितलं.
भट्टीचं लाकूड, दिवसाला पाच क्विंटल.
वीज गेली की धडधडणारं डिझेल.
टेंपो, जो पीथमपूरला भरून जातो
आणि वारा घेऊन परत येतो.
पामतेलाचा टँकर,
तो तर समुद्रापलीकडूनच धूर अंगाला लावून आलेला.
पाकिटाच्या चकचकीत कागदापाशी अडखळले:
हा आमच्या नावे, की बनवणाऱ्याच्या?
मोठ्या आकड्याला नेहमी शेजाऱ्याचं घर आठवतं.
आमच्याच नावे लिहिला.

बेरीज झाली तेव्हा पेन खाली ठेवलं.
नफ्याच्या रकान्यात
असा आकडा मी कधी पाहिला नव्हता.

आठवड्याभरात एक जण आला, बूट झकास.
म्हणाला, तुम्ही जाळा, आम्ही झाडं लावतो.
कागद घ्या, शून्य व्हा.
शेठना भाव परवडला.
मी म्हटलं, माल पाहिल्याशिवाय बिल चढवत नाही.

बागलीच्या पुढे, टेकडीच्या उतारावर
खड्डे होते. सरळ रांगेत, सुबक.
प्रत्येकापाशी रंगवलेला नंबर.
एकशे बारामध्ये एक काडी उभी होती,
हिरवी होती ती तिला बांधलेली सुतळी.
शेळ्यांमागची पोरगी धावत आली,
आमच्या गाडीत पाणी आहे का, बघायला.
परतताना शेठ देवासपर्यंत बोलले नाहीत.
तो कागद मी बुडीत खात्यात टाकला.

पुढचं सगळं हळू झालं, आणि महाग.
छपरावर सौर पट्ट्या चढल्या,
रात्रीचं पॅकिंग उन्हाच्या वेळेत आलं;
बायका म्हणाल्या, बरं झालं,
आता घरी जाऊन पोरांचा अभ्यास दिसतो.
टेंपो पीथमपूरहून रिकामे डबे आणू लागला.
त्याच्या पोटात शहराच्या ओल्या कचऱ्याचा गॅस:
सकाळच्या पोह्यांवरच्या कांद्याची सालं
संध्याकाळी शेव ओढतात,
हे मला वहीत कुठे लिहावं कळेना,
म्हणून समासात लिहिलं.

दोन भट्ट्यांना नळाचा गॅस आला.
तिसरी लाकडावरच आहे.
लवंग शेवेची चव गॅसवर उतरत नाही,
असं भेरूलाल म्हणतो, आणि तो खोटं बोलत नाही.
चोवीस वर्षं त्या तोंडाशी उभा.
परवा झारा टेकवून त्यानं विचारलं,
'बई, म्हारी खाँसी कणी खाता में लिखोगा?'

रकाना नव्हता.
पान उलटून मागच्या बाजूला लिहिली,
पेन्सिलीनं, तारीख घालून.
दुसऱ्या दिवशी वही शेठच्या टेबलावर
उलटीच ठेवली.
त्यांनी चष्मा काढला, पुसला,
आणि तिसऱ्या भट्टीचा खर्च विचारला.
चवीचं काय, ते मात्र कुणालाच विचारता आलं नाही.

मार्चअखेर रॉटरडॅमला उत्तर लिहायला बसले.
शेठ दारातून म्हणाले, 'जरा गोल करा ना.'
एकतीस वर्षांत मी पैसुद्धा गोल केली नाही.
लिहिलं: शून्य नाही.
शंभरातले एकोणचाळीस उतरले.
टँकर बाकी, कागद बाकी, तिसरी भट्टी बाकी.
शिल्लक पुढे.

खिडकीतून आलेली काजळी
त्या ओळीवर बसली होती.
बोटानं पुसायला गेले, तर पसरली.
तिच्यासकट वही मिटली.